पळण्याआधी स्ट्रेचिंग केलं की दुखापत टळते? १५३८ रिक्रूटांवर झालेल्या प्रयोगात वेगळंच दिसलं

पोलीस भरतीची चाहूल लागली की महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाच वाजता एक दृश्य हमखास दिसतं. पोरं-पोरी रस्त्याच्या कडेला जमलेली असतात. कुणी पुलाच्या कठड्यावर पाय टाकून मांडीची मागची बाजू ताणतंय, कुणी एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच मागे धरतंय. दोन-चार मिनिटं हे झालं की थेट राऊंड. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सेकंदासेकंदावर मार्क असतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच घड्याळ लावून पळणं सुरू होतं.

मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणाची तरी नडगी दुखायला लागते, नाहीतर १०० मीटर मारताना मांडीमागे ‘टच्’ होतं आणि तो लंगडत बाहेर येतो. ग्रुपमधला सिनियर लगेच सांगतो, "तू स्ट्रेचिंग नीट करत नव्हतास."

ऐकायला हे पटतं. स्नायू ताणून मोकळा केला की तो तुटणार नाही, हे कुणालाही बरोबरच वाटेल. शाळेतल्या पीटीच्या तासापासून सगळ्यांनी हेच ऐकलेलं आहे. पण हे खरं आहे का, हे कुणी तपासून पाहिलंय का?

तर पाहिलंय. आणि तेही भरती झालेल्या पोरांवरच.

ऑस्ट्रेलियन आर्मीचे रिक्रूट

ऑस्ट्रेलियात रॉडनी पोप नावाच्या फिजिओथेरपिस्टने आपल्या सहकाऱ्यांसोबत लष्कराच्या १५३८ नव्या रिक्रूटांवर एक प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. रिक्रूटांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. वॉर्मअप दोन्ही गटांना होता. फरक एवढाच, की एका गटाने प्रत्येक वॉर्मअपमध्ये पायाचे सहा मोठे स्नायू प्रत्येकी २० सेकंद ताणायचे, तेही देखरेखीखाली, म्हणजे टंगळमंगळ करायला वाव नाही. दुसऱ्या गटाने ताणायचंच नाही. पुढचे १२ आठवडे दोघांचं ट्रेनिंग सारखंच.

या काळात पायाच्या एकूण ३३३ दुखापती झाल्या. स्ट्रेचिंगवाल्यांच्या १५८, न करणाऱ्यांच्या १७५. दोन्ही गटांची संख्या लक्षात घेतली तर हा फरक नसल्यातच जमा आहे.

पण याच प्रयोगात दुसरी एक गोष्ट दिसली आणि ती जास्त महत्त्वाची आहे. ट्रेनिंगच्या सुरुवातीला सगळ्यांची २० मीटर शटल रनची चाचणी घेतली होती. त्यात जे सगळ्यात मागे होते, त्यांना दुखापत होण्याची शक्यता सगळ्यात फिट असलेल्यांपेक्षा १४ पट होती. म्हणजे कोणाचा पाय जाणार, हे स्ट्रेचिंगपेक्षा आधीच्या तयारीवर ठरत होतं.

हा एकटाच अभ्यास असता तर सोडूनही देता आला असता. पण २०१४ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी २५ चाचण्या आणि २६ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली. त्यातही स्ट्रेचिंगचा दुखापतींवर परिणाम दिसला नाही. ताकदीच्या व्यायामाने मात्र दुखापती एक तृतीयांशावर आल्या होत्या.

एक अपवाद सांगायला हवा. नॉर्वे आणि ऑस्ट्रेलियात २३७७ लोकांवर झालेल्या एका चाचणीत स्ट्रेचिंगमुळे एकूण दुखापती कमी झाल्या नाहीत, पण स्नायू, अस्थिबंध आणि कंडरांच्या दुखापती थोड्या कमी दिसल्या. तेव्हा स्ट्रेचिंग अगदीच वाया जातं असं नाही. पण दुखापतीपासून संरक्षण म्हणून त्याच्यावर जेवढा भरवसा टाकला जातो, तेवढा टाकण्यासारखं ते नाही.

ताणल्यावर स्नायू लांब होतो ना?

इथेच खरी गंमत आहे. काही आठवडे रोज स्ट्रेचिंग केलं की आधी गुडघ्यापर्यंत पोहोचणारा हात पायाच्या बोटांना लागतो. आपल्याला वाटतं, स्नायू रबरासारखा लांबला. प्रत्यक्षात मोजून पाहिलं तेव्हा दिसलं, की काही आठवड्यांच्या सरावात स्नायूची लांबी किंवा ताठरपणा फारसा बदलत नाही. बदलते ती सहनशक्ती. ज्या ठिकाणी आधी मेंदू "बास, दुखतंय" म्हणायचा, तिथे तो आता थोडं आणखी पुढे जाऊ देतो.

आता मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, कधी जातो ते पाहा. जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याच्या जरा आधी त्या पुढे जाणाऱ्या नडगीला ब्रेक लावायचं काम हॅमस्ट्रिंगचं असतं. तेव्हा तो लांबही होत असतो आणि त्याच वेळी पूर्ण जोर लावून खेचतही असतो. तो फाटतो तो बहुतेक याच क्षणी. उतारावर गाडी नेताना एंजिनवर नाही, ब्रेकवर ताण येतो, तसंच काहीसं. तिथे ‘अजून थोडं ताणू दे’ म्हणणारा मेंदू कामाचा नाही. लांबलेल्या अवस्थेत भार पेलणारा स्नायू लागतो. पुलाच्या कठड्यावर पाय टाकून तो तयार होत नाही.

नडगीच्या दुखण्याचा तर स्ट्रेचिंगशी आणखी कमी संबंध. तिथे प्रश्न हाडाचा आणि त्यावरच्या आवरणाचा असतो. हाड कसं ताणणार?

मग पळण्याआधी करायचं काय?

स्नायू गरम करायचे. आणि ते उभं राहून नाही, हालचाल करत.

२०१६ मध्ये डेव्हिड बेहम आणि सहकाऱ्यांनी या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. स्नायू एका जागी ६० सेकंद किंवा जास्त वेळ ताणून धरला, तर लगेच नंतरची ताकद आणि झेप सरासरी ४.६ टक्क्यांनी घटते. ६० सेकंदांपेक्षा कमी धरला तर घट १.१ टक्के, म्हणजे किरकोळ. हालचाल करत केलेल्या स्ट्रेचिंगने कामगिरी उलट थोडी, सरासरी १.३ टक्के, सुधारते. रोज सकाळी चालायला जाणाऱ्या काकांना या टक्क्यांनी काही फरक पडत नाही. पण १०० मीटरच्या धावेत दहावा भाग सेकंदही मोजला जातो, तिथे पळण्याच्या तोंडावर मिनिट-मिनिट पाय ताणत बसणं म्हणजे आपल्याच हाताने मार्क घालवणं.

हालचालीचा वॉर्मअप म्हणजे काय? पाच मिनिटं हलकं जॉगिंग. मग चालता चालता पाय पुढे-मागे झुलवणं, गुडघे कमरेपर्यंत उचलत जाणं, टाचा मागे आपटत पळणं, लांब पाऊल टाकून खाली बसत पुढे सरकणं. शेवटी ५०-६० मीटरच्या दोन-तीन धावा, वेग हळूहळू वाढवत. एकूण १५ मिनिटं. आपल्या तालमींमध्ये कुस्तीआधी दंड-बैठका आणि पळणं व्हायचं, सूर्यनमस्कार ओळीने घातले जायचे, त्यातही शरीर हलतं ठेवूनच गरम केलं जायचं. एका जागी थिजून स्नायू ताणणं हे कवायतीच्या मैदानावरून आलेलं प्रकरण दिसतं, आखाड्यातलं नव्हे.

फुटबॉलमध्ये हे जास्त पद्धतशीर झालं. ‘फिफा ११+’ नावाचा वॉर्मअप २००६ मध्ये तयार झाला. २० मिनिटांचा, १५ व्यायामांचा. आधी हलकं पळणं, मग ताकद, तोल आणि उड्या, मग वेगात पळणं आणि वळणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १८९२ मुलींवर तो एक हंगाम तपासला. दुखापत होणाऱ्या मुलींचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी झालं, गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. हा कार्यक्रम फुकट आहे, त्याला मॅट लागत नाही की मशीन. उडी मारून उतरताना गुडघा आत कलू द्यायचा नाही, यावर त्यात फार भर आहे. कबड्डी, खो-खो खेळणाऱ्यांनाही, विशेषतः मुलींना, हे शिकण्यासारखं आहे, कारण झटक्यात थांबणं आणि वळणं या खेळांत सतत असतं आणि गुडघ्याचा लिगामेंट अशाच वेळी जातो.

जोडीदाराने घोटे धरायचे, बस्स

आता सगळ्यात कामाचा व्यायाम. नाव ‘नॉर्डिक हॅमस्ट्रिंग’. लागतं काय, तर एक सतरंजी आणि एक मित्र.

सतरंजी दुमडून गुडघ्याखाली घ्यायची आणि गुडघ्यांवर सरळ उभं राहायचं. मित्राने मागे बसून दोन्ही घोटे जमिनीवर घट्ट दाबून धरायचे. मग कंबरेत न वाकता, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ रेषा ठेवून, हळूहळू पुढे झुकायचं. शक्य होईल तितका वेळ मांडीमागच्या स्नायूने स्वतःला रोखून धरायचं. सुटलं की हात टेकून पडायचं, हातानेच ढकलून परत वर यायचं. वर येताना जोर लावायची गरज नाही. काम खाली जाताना होतं.

स्नायू लांब होता होता भार पेलतो, या प्रकाराला एक्सेंट्रिक व्यायाम म्हणतात. पळताना हॅमस्ट्रिंग ब्रेक लावतो तेव्हा हेच करत असतो. आणि याने स्नायूतले तंतू खरोखर लांब होतात, हे अल्ट्रासाऊंडवर मोजलेलं आहे. म्हणजे लवचिकता हवी म्हणून जे स्ट्रेचिंग केलं जातं, त्यातली बरीचशी ताकदीच्या व्यायामातूनही मिळते, फक्त तो सांध्याच्या पूर्ण हालचालीत करायला हवा.

डेन्मार्कमध्ये फुटबॉलच्या ५० संघांवर याची चाचणी झाली. अर्ध्या संघांनी १० आठवडे नॉर्डिक केलं. पुढच्या वर्षभरात त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्या संघांत ५२. ज्यांचा हॅमस्ट्रिंग आधी एकदा गेलेला होता त्यांना तर सगळ्यात जास्त फायदा झाला: पुन्हा गेला तो एका बाजूला ३ वेळा, दुसऱ्या बाजूला २० वेळा. नंतर ८४५९ खेळाडूंचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही दुखापती निम्म्याने घटल्याचं दिसलं.

सुरुवात कशी करायची, तर पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५ वेळा करून विश्रांती, पुन्हा ५. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, ६-६. तिसऱ्यापासून आठवड्यात तीन दिवस, ६ ते ८ चे तीन सेट, आणि पुढे हळूहळू १२, १०, ८ पर्यंत. घाई केली तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडू येतं, आणि बहुतेक लोक इथेच हा व्यायाम सोडतात. सामान्य माणूसच काय, युरोपातले मोठे क्लबही सोडतात. चॅम्पियन्स लीगमधले आणि नॉर्वेचे क्लब धरून ५० क्लबांना विचारलं तेव्हा १५० हंगामांपैकी फक्त १६ हंगामांत हा कार्यक्रम पूर्ण राबवलेला आढळला. आणि युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती २००१ पासून दरवर्षी सुमारे ४ टक्क्यांनी वाढत गेल्याची नोंद आहे. औषध कपाटात आहे, घेतं कोण?

याच जातीचे आणखी दोन व्यायाम. टाचेमागची जाड कंडरा दुखत असेल तर पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच हळूहळू पायरीखाली सोडायची. स्वीडनचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ रुग्णांना दिवसातून दोनदा, १२ आठवडे हे करायला लावलं आणि ते सगळे पुन्हा पळायला लागले. असं सांगतात की आल्फ्रेडसनची स्वतःची टाच दुखत होती, वरिष्ठ ऑपरेशन करेनात, म्हणून वैतागून ती तोडण्यासाठीच त्यांनी हा व्यायाम सुरू केला, आणि दुखणंच गेलं. दुसरा जांघेसाठी: ‘कोपनहेगन’. कुशीवर झोपून वरचा पाय जोडीदाराने धरायचा आणि आतल्या मांडीच्या जोरावर शरीर उचलायचं. नॉर्वेच्या फुटबॉलपटूंमध्ये याने जांघेच्या तक्रारी ४१ टक्क्यांनी कमी झाल्या.

स्ट्रेचिंग कोणी करायचं?

ज्यांना लवचिकताच हवी आहे त्यांनी. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, नृत्य यात सांध्याची मोठी हालचाल हाच खेळ असतो. प्लास्टर निघाल्यावर आखडलेला गुडघा, जखडलेला खांदा, दिवसभर खुर्चीत बसून ताठरलेली कंबर यांनाही स्ट्रेचिंग लागतं. व्यायाम झाल्यावर, किंवा संध्याकाळी वेगळा वेळ काढून, एक स्नायू १० ते ३० सेकंद धरायचा, एकूण ६० सेकंद होतील एवढ्या वेळा, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस. ३० सेकंदांऐवजी सलग मिनिटभर धरल्याने तरुणांना जास्त फायदा होत नाही, हेही तपासून झालंय. झटके मात्र द्यायचे नाहीत. आणि दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं स्ट्रेचिंगने जाईल ही आशा सोडलेली बरी. १०० च्या मोजपट्टीवर फरक एक ते चार गुणांचाच पडतो.

फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर ते पाय वर उचलून धरतात आणि "आता माझ्या हाताला ढकला" म्हणतात, त्याला पीएनएफ म्हणतात. ताणलेल्या स्थितीत ३ ते ६ सेकंद मध्यम जोर लावायचा, सैल सोडायचं, की पाय आणखी थोडा वर जातो. हे तंत्र खेळाडूंसाठी जन्मलेलंच नव्हतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत हर्मन कॅबट यांनी पोलिओ आणि मज्जासंस्थेच्या रुग्णांसाठी ते सुरू केलं, मार्गारेट नॉट आणि डोरोथी व्हॉस या फिजिओथेरपिस्टनी ते पुढे नेलं. त्यांच्या संस्थेला पैसा दिला जहाजं बांधणारे उद्योगपती हेन्री कायझर यांनी, कारण त्यांच्या मुलाला मल्टिपल स्क्लेरोसिस होता आणि कॅबट त्याच्यावर उपचार करत होते. लवकर फरक दाखवणारी ही पद्धत आहे. पण पळण्याच्या लगेच आधी नको, ताकद यानेही थोडी घटते.

आणि ती तिसऱ्या आठवड्यातली नडगी

हाड म्हणजे दगड नव्हे. त्यावर नवा भार आला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग तिथे नवं, जास्त मजबूत हाड भरतं. पोखरणं आधी होतं, भरायला कित्येक आठवडे लागतात. या मधल्या काळात हाड तात्पुरतं कमकुवत असतं. नेमकं तेव्हाच पोराला दम टिकायला लागलेला असतो, त्यामुळे तो वाढवतो. फुप्फुसं तयार, हाड तयार नाही.

‘दर आठवड्याला १० टक्केच वाढवा’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्या धावपटूंवर तो तपासला, तेव्हा १३ आठवड्यांत सावकाश वाढवणाऱ्यांना आणि ८ आठवड्यांत वाढवणाऱ्यांना सारख्याच दुखापती झाल्या, दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला. तेव्हा आकडा पाठ करून उपयोग नाही. भरतीचं खरं गणित वेगळं आहे: जाहिरात आल्यावर पळायला सुरुवात करणारा पोरगा त्या १४ पट धोक्याच्या टोकाला उभा असतो. जाहिरातीची वाट न पाहता आठवड्यातून तीन दिवस सावकाश पळणारा दुसऱ्या टोकाला. रोज घड्याळ लावून १६०० मारण्याऐवजी आठवड्यात एक-दोन दिवसच वेगात पळणं, बाकी दिवस बोलता येईल इतक्या वेगाने, आणि मध्ये एक-दोन दिवस पळणंच नाही, असं केलं की हाडाला भरून यायला वेळ मिळतो.

दुखणं सुरू झालंच, तर ते कसलं हे ओळखणं महत्त्वाचं. नडगीच्या आतल्या कडेने चार-पाच बोटं किंवा जास्त लांबीत दुखतंय, सुरुवातीला दुखून गरम झाल्यावर कमी होतंय, तर ते बहुधा शिन स्प्लिंट. पळणं कमी करून, पोटरीची ताकद वाढवून ते सहसा आटोक्यात येतं. पण एकाच बोटाखाली येईल अशा ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल, त्या पायावर एक उडी मारताना कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची. पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. मुलींमध्ये पाळी काही महिने बंद झालेली असेल तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगायचं, कारण कमी खाऊन जास्त पळण्याने हाडं ठिसूळ होतात आणि पाळी थांबणं ही त्याची खूण असते.

एक्स-रे काढला आणि तो नॉर्मल आला, म्हणून दुसऱ्या दिवशी राऊंडला जायचं नाही. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. दुखणं तसंच असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात. वेळेत थांबलं तर नडगीच्या बहुतेक चिरा सहा ते आठ आठवड्यांत भरतात. तसंच पळत राहिलं, तर तीच चीर आरपार जाऊ शकते, आणि मग रॉड टाकावा लागतो.